चिनी भाषेतली सोंगं आणि माझा झालेला पोपट

खिडकीतला

मंडळी, चार वर्षं झाली शांघायला येऊन. चिनी येतं ते भाजीपाला, टॅक्सी आणि कंप्युटर एवढ्यापुरतं. गेल्या गुरुवारी माझा वाढदिवस होता. केकची कुणकुण मला सकाळीच लागली होती. दुपारी शेजारच्या टेबलावरची सहकारी बोलवायला आली, तेव्हा मी अगदी साळसूद चेहरा करून "कसला केक?" असं विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "बिए झ्वांग ल!"

आता माझ्या डोक्यात 'झ्वांग' म्हणजे इन्स्टॉल करणे. ऑफिसात दिवसातून दहादा कानावर पडणारा शब्द. 'बिए' म्हणजे नको. समोर स्क्रीनवर एक भलंमोठं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत होतं, ६२ टक्क्यांवर आलं होतं. मी आज्ञाधारकपणे कॅन्सल दाबलं.

ती बघतच राहिली. मग तिने सगळ्या मजल्याला ओरडून सांगितलं. मेणबत्त्या वितळून केकवर आल्या तरी लोकांचं हसू थांबेना. ती म्हणाली होती, "सोंग पुरे!"

घरी येऊन शब्दकोश उघडला. झ्वांग म्हणजे कपडे चढवणे, ट्रकमध्ये माल भरणे, एसी बसवणे आणि सोंग करणे. सगळ्याला एकच क्रियापद. खोदत गेलो तर वेशांतर, बतावणी, ढोंग यांवरचे शब्द आणि म्हणी संपेचनात. त्यातली एक तर आपलीच निघाली: झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही. इथे ती जशीच्या तशी आहे आणि पोरंपोरी फोनवर एकमेकांना पाठवत असतात. मी आजवर तिला मराठीची मिरास समजत होतो.

तर प्रश्न दोन. तुम्हाला ठाऊक असलेल्या अशा चिनी म्हणी टाका. आणि मराठीत झ्वांगसारखं, घालणं आणि सोंग करणं दोन्ही एकाच शब्दात मावणारं क्रियापद आहे का?

चहाटळ

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ६२ टक्क्यांचं पुढे काय झालं ते आधी सांगा.

अनुस्वार

छान धागा. एक दुरुस्ती, मग मुद्दा.

झ्वांग नव्हे, च्वांग. रोमनमध्ये झेड-एच लिहितात म्हणून आपण 'झ' म्हणतो, पण तो वर्ण घोष नाही. चिनीत प-फ, त-थ, च-छ असा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे आणि तो मराठी माणसाला जन्मतःच फुकट मिळालेला आहे. आपल्याकडे 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा. हा दुसरा चसुद्धा चिनीत आहे. त्यामुळे रोमन बाजूला ठेवून देवनागरीत लिहून काढलं की उच्चार पुष्कळ सुधारतो. दिल्लीत चिनी शिकताना माझी वही अशीच होती. तर तुमची सहकारी म्हणाली, "प्ये च्वांग ल".

मुद्दा असा की खोट्यासाठी मुख्य शब्द आहे 'च्या'. च्या-च्वांग म्हणजे बतावणी करणे. पण जुन्या चिनीत 'च्या'चा अर्थ उसना घेणे असाही होता. कोल्हा आणि वाघाची म्हण आहे ना, 'हू च्या हू वेइ', तिच्यात तो उसना अर्थ टिकून आहे: कोल्ह्याने वाघाचा दरारा उसना घेतला.

गोष्ट 'युद्धमान राज्यांच्या क्लृप्त्या' या जुन्या संग्रहातली. छू देशाचा राजा श्वान दरबारात विचारतो, उत्तरेकडची राज्यं आपल्या सेनापतीला इतकी का घाबरतात? सगळे गप्प. मग च्यांग यी नावाचा मंत्री गोष्ट सांगतो. वाघाने कोल्हा पकडला. कोल्हा म्हणाला, मला देवाने जनावरांचा राजा नेमलंय, खोटं वाटत असेल तर माझ्या मागून चाल आणि बघ. वाघ मागून चालला. जनावरं पळाली. वाघाला वाटलं, कोल्ह्याला बघूनच पळाली. तात्पर्य राजासाठी होतं: महाराज, लोक सेनापतीला नाही, मागच्या तुमच्या फौजेला भितात.

त्या कोल्ह्याने तर वेषही बदलला नाही. फक्त पुढे चालला.

चहाटळ

च्या म्हणजे खोटं? आमच्या गावाकडे सकाळी उठल्यावर पहिला च्याच लागतो आणि तो अगदी खरा असतो.

अनुस्वार

प्यायचा चहा तिकडे 'छा'. तुमचं गाव एका महाप्राणाने वाचलं.

तेच 'च्या' अक्षर, सूर बदलला की अर्थ रजा. पिंग-च्या म्हणजे आजारपणाची रजा. रजा आणि खोटं यांत फक्त सुराचं अंतर आहे, यावर मी काही बोलत नाही.

तिरसट

एवढे शब्द उगाच नसतात. जशी माणसं तशी भाषा. चिनी मोबाईल घेऊन बघितलाय, सहा महिन्यांत बॅटरीचं सोंग उघडं पडलं.

आजीचा बटवा

तिरसटराव, जरा दमानं घ्या. आपलेच मोजून दाखवते: सोंग, ढोंग, आव, बतावणी, मखलाशी, थेरं, नाटक, देखावा, बहाणा, साळसूद, मानभावी, बगळाभगत. स्वयंपाक करता करता एवढे आठवले, कुकरच्या तीन शिट्ट्याही झाल्या नव्हत्या. मग आपण कोण ठरलो?

त्यातला 'मानभावी' तर महानुभावांवरून आला. एका पंथाचं नाव घेऊन त्याचा असा अर्थ आपणच करून ठेवला.

तिरसट

शिट्ट्यांचा मुद्दा मान्य. बॅटरीचा मागे घेत नाही.

इवूवाला

आमचा खेळण्यांचा आणि इमिटेशन दागिन्यांचा धंदा, त्यामुळे वर्षातून दोनतीनदा चीनमधल्या इवू शहराच्या घाऊक बाजारात फेरी असते. पुस्तकातल्या म्हणी मला येत नाहीत, दुभाष्याकडून ऐकलेल्या येतात.

पहिल्या फेरीत एका छोट्या कारखानदाराने आम्हाला हॉटेलातून न्यायला लांबलचक काळी गाडी पाठवली. तो स्वतः आत बसलेला. गाडीत एसी लावायचा तर कुठलं बटण दाबायचं ते त्याला सापडेना. काचा वर-खाली झाल्या, वायपर सुरू झाले, शेवटी ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन लावून दिला. जेवायला चौघांत बावीस पदार्थ. माझा दुभाष्या कानाशी पुटपुटला, "ता चोंग ल्यन, छोंग फांग-त्स". आपल्याच थोबाडीत मारून तोंड सुजवायचं आणि जाडजूड असल्याचा आव आणायचा! म्हणजे आपलं 'घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा'.

आपल्यात म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. इवूत तेही आणतात हो, भाड्याने मिळतं.

ऑर्डर मी दिली त्यालाच. माल वेळेवर आला आणि चोख आला. दोन वर्षांनी भेटला तेव्हा स्वतःच्या स्कूटरवर होता आणि मजेत होता.

सुतारपक्षी

थोबाडीत मारून जाड होणे!! आमच्या एका नातलगांच्या लग्नाचा हॉल डोळ्यासमोर आला. जास्त लिहीत नाही, ते इथे वाचतात.

अनुस्वार

चिनीत कोड्यासारखी दोन तुकड्यांची म्हण असते. पहिला तुकडा बोलायचा आणि थांबायचं, दुसरा ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा. सोंगावरच्या सगळ्यात खमंग याच जातीत सापडतात.

डुकराने नाकात कांद्याच्या पाती खोचल्या… हत्तीचं सोंग. 'च्वांग श्यांग' म्हणजे हत्ती असल्याचं सोंग करणं, आणि अगदी त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ उगाच मोठेपणाचा आव आणणं. कोटी तिथे आहे.

नर्गिसच्या कांद्याला फूल आलं नाही… लसणीचं सोंग. नववर्षाच्या सुमारास चिनी घरांत पाण्याच्या उथळ ताटलीत नर्गिसचे कंद ठेवतात. फुललं नाही तर तो कंद हुबेहूब लसणीच्या गड्ड्यासारखा दिसतो. 'च्वांग स्वान', लसूण बनणे, म्हणजे सगळं ठाऊक असून काहीच माहीत नाही असं दाखवणे. खिडकीतला, केकच्या वेळी तुम्ही नेमकं हेच करत होतात.

मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी आहे, कोंबड्या पळवणारा. तो कोंबडीकडे नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला गेला… मनात काही चांगलं नाही.

मांजर उंदरासाठी रडतंय… खोटी दया. म्हणजे आपले नक्राश्रू.

चहाटळ

निवडणुका जवळ आल्या की आमच्या सोसायटीत तो मुंगसाचा चुलतभाऊ दिवाळीचा फराळ घेऊन येतो.

संपादक मंडळ

राजकारण नको. धाग्यावर या.

बांबूवन

उशिरा आले. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं छंगतूमध्ये काढली. तिथल्या सछ्वान ऑपेरातला 'प्येन ल्यन', म्हणजे चेहरे बदलणं, इथे कुणी कसं आणलं नाही?

आम्ही ते एका चहाघरात पाहिलं. बांबूच्या खुर्च्या, हातभर लांब नळीच्या किटलीतून पाणी ओतणारा पोऱ्या, आणि समोर रंगीत झग्यातला नट. त्याने पंखा तोंडापुढून नेला, लाल चेहऱ्याचा हिरवा झाला. मान झटकली, हिरव्याचा काळा. हे पातळ रेशमी मुखवटे एकावर एक बसवलेले असतात आणि बारीक दोऱ्यांनी ओढले जातात, हे आधी वाचून गेले होते. म्हटलं आज दोरी पकडायचीच. नट टेबलाटेबलांमधून फिरत आला, माझ्या मुलीशी हात मिळवला आणि हात हातात असतानाच चेहरा बदलला. मी दीड फुटावर होते. काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसला तो त्याच्या कानामागून मानेवर ओघळणारा घाम. मुलगी मात्र रडायला लागली, तेव्हा त्याने शेवटचाही उतरवला. आत चाळिशीचा थकलेला माणूस होता, तिच्याकडे बघून हसत.

रोजच्या बोलण्यात मात्र 'प्येन ल्यन' म्हणजे एखाद्याचा नूर एकदम पालटणं. आमची घरमालकीण भाडं घेताना एक आणि गळका नळ दाखवल्यावर दुसरी. शेजारीण म्हणायची, ती ऑपेरात शोभली असती.

रावसाहेब

ऑपेरा निघालाच आहे तर बोलतो. पेकिंग ऑपेरात रंगवलेल्या चेहऱ्यांचे संकेत आहेत. लाल म्हणजे निष्ठावंत, पांढरा म्हणजे कावेबाज. जुन्या काळचा सेनापती क्वान यू लाल, सत्ताधीश छाव छाव पांढरा. त्यावरून रोजच्या चिनीत 'एकाने लाल तोंड रंगवायचं, दुसऱ्याने पांढरं' असं म्हणतात. एक चुचकारणार, दुसरा रागावणार. प्रगतिपुस्तकाच्या दिवशी आमच्या घरी हेच चालायचं. फक्त लाल कोण नि पांढरं कोण, हे आईवडील आयत्या वेळी ठरवत.

आणि तिथे मेइ लानफांग होते (१८९४ ते १९६१), पेकिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारे सर्वांत गाजलेले नट. आपल्याकडे बालगंधर्व, १८८८ ते १९६७. जवळजवळ एकाच काळात दोन देशांत बायका या दोघांकडे बघून नेसणं-चालणं शिकत होत्या. जपानी अंमल आला तेव्हा मेइ लानफांग यांनी जपान्यांपुढे रंगमंचावर उभं राहायला नकार दिला. कसा? मिशा वाढवल्या. युद्ध संपल्यावर काढल्या आणि पुन्हा रंगमंचावर आले.

सगळ्या धाग्यात मला ही मिशी सर्वांत आवडते. आयुष्यभर सोंग घेणाऱ्याने नाही म्हणायला स्वतःचाच चेहरा वापरला.

बांबूवन

रावसाहेब, अंगावर काटा आला.

मीनाक्षी

मुलान राहिली ना! म्हाताऱ्या बापाऐवजी पुरुषवेषात लढायला गेलेली. जुन्या पोवाड्यात ती परत येऊन बायकी कपडे घालते आणि बरोबरचे शिपाई थक्क होतात: बारा वर्षं सोबत होतो, ही बाई आहे हे कळलंच नाही. पोवाड्याच्या शेवटी दोन सशांची गंमत आहे. नर ससा पाय झाडतो, मादीचे डोळे किलकिले. पण दोघे जमिनीलगत बरोबर धावायला लागले की कोण नर, कोण मादी, कुणी सांगावं? त्या ओळींवरून 'फू श्वो मी ली' हा शब्दप्रयोग आला. आज वर्तमानपत्रात तो न उलगडलेल्या खुनाच्या बातमीत असतो आणि सशांची कुणाला आठवणही नसते.

तिरसट

हे बरंय. बायकांनी पुरुषांचे कपडे घातले की पोवाडे, आम्ही चिनी मोबाईलबद्दल बोललो की शिट्ट्या.

अनुस्वार

तिरसट, पुरुषवेषावरून राजाला टोमणा मारणारीही गोष्ट आहे.

'मेंढीचं डोकं टांगून कुत्र्याचं मांस विकणे' ही म्हण आज घराघरांत आहे. पाटी एक, माल दुसरा. पण तिचं जुनं रूप यान-त्स या मंत्र्याच्या गोष्टींत आहे आणि तिथे प्राणी वेगळे आहेत. छी देशाच्या लिंग राजाला राजवाड्यातल्या बायका पुरुषी वेषात बघायला आवडायच्या. ते बघून राज्यभर बायकांनी तोच पोशाख सुरू केला. राजा चिडला. हुकूम काढला, अशी बाई दिसली की कपडे फाडा, कमरपट्टा तोडा. रस्त्यांत कपडे फाटत राहिले, पण फॅशन काही थांबेना. राजाने यान-त्सला विचारलं, असं का? तो म्हणाला, महाराज, आत राजवाड्यात चालू, बाहेर बंदी. हे म्हणजे दारात बैलाचं मुंडकं टांगून आत घोड्याचं मांस विकणं. आधी आत बंद करा. राजाने ऐकलं, महिन्याच्या आत राज्यभरचं थांबलं.

सोंग बायकांचं नव्हतंच. बैलाचं मुंडकं राजाने टांगलं होतं.

रावसाहेब

याच माळेतलं 'हरणाला घोडा म्हणणे'. छिन साम्राज्य मोडकळीला आलेलं, इ.स.पू. २०७. चाव काव या सत्ताधारी मंत्र्याने तरुण सम्राटापुढे हरीण आणलं आणि म्हणाला, हा घोडा. सम्राट हसला, दरबाराकडे वळला. काही गप्प, काही म्हणाले घोडा, काही खरं बोलले. जे 'हरीण' म्हणाले त्यांना चाव कावने नंतर एकेक करून गाठलं. हरणाचा वेष कुणी बदलला नव्हता. वेष दरबाऱ्यांनी बदलला.

चहाटळ

आमच्या कंपनीत दर तिमाहीला एक हरीण येतं. आम्ही टाळ्या वाजवून 'काय घोडा आहे!' म्हणतो.

सुतारपक्षी

आपल्या इथल्यांसाठी खास शब्द सांगतो. चिनी फोरमवर डुआयडीला, म्हणजे एकाच माणसाच्या दुसऱ्या नावाच्या आयडीला, काय म्हणतात? 'मा-च्या', म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट. २००० सालच्या नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमातल्या एका विनोदी नाटुकल्याने हे घराघरांत नेलं. साप पाण्यात शिरतो, पाठोपाठ कासव बाहेर येतं आणि मागे लागलेला त्यालाच धरतो: जाकीट चढवलंस म्हणून ओळखणार नाही होय रे?

निवांत

सुतारपक्षी, हा विषय तुम्ही काढावा? :)

सुतारपक्षी

मी कासव आहे. जन्मापासून कासव आहे.

निवांत

हेच वाक्य गेल्या वर्षी 'कापूसकोंड्या' या आयडीनेही टाकलं होतं.

सुतारपक्षी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

आजीचा बटवा

अवांतर: सोलापूरचे डॉ. कोटणीस तिकडे 'ख ती-ह्वा' होते ना? मग ते सोंग की काय?

अनुस्वार

सोंग मुळीच नाही. १९३८ साली गेलेल्या पाचही भारतीय डॉक्टरांनी चिनी नावं घेताना शेवटी 'ह्वा' ठेवलं, ह्वा म्हणजे चीन. लपायला नाही, आपण तुमचेच आहोत हे सांगायला.

जाता जाता, चिनी छत्तीस युक्त्यांतली सत्ताविसावी: वेडाचं सोंग घ्या, वेडे होऊ नका. आणि सव्विसावी: तुतीकडे बोट दाखवून दुसऱ्याच झाडाला शिव्या घाला. म्हणजे आपलं लेकी बोले सुने लागे, फक्त त्यांची लेक आणि सून दोन्ही झाडं.

मीनाक्षी

सत्ताविसावी म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणे!

थांबा. खिडकीतल्यांचा दुसरा प्रश्न सगळेच विसरलो. घालणं आणि सोंग करणं एकाच क्रियापदात. पांघरणे!! वेड पांघरतो, शाल पांघरतो.

तिरसट

'टोपी घालणे' आहे की.

मीनाक्षी

टोपी आपण दुसऱ्याला घालतो, ती फसवणूक झाली. 'बनवणे'चंही तसंच. च्वांग स्वतःवर चढवायचं असतं. पांघरायचंही स्वतःवरच.

अनुस्वार

सहमत. फक्त पांघरून एसी बसवता येत नाही.

रावसाहेब

पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात, भीमेकाठी. तिथे बहादूरगड आहे. मोगल सरदाराला हुलकावणी देऊन मराठ्यांनी तो लुटला, त्यावरून हा वाक्प्रचार आला असं आमच्याकडे सांगतात. दंतकथा म्हणूनच घ्या. पण भिंती आजही बघण्यासारख्या आहेत.

खिडकीतला

एवढे प्रतिसाद! मीनाक्षीताई, पांघरणे पक्कं.

आज जेवणाच्या सुट्टीत सहकारीला 'वेड पांघरून पेडगावला जाणे' शब्दशः समजावून सांगितलं. तिने फोनवर नकाशा काढला, पेडगाव शोधलं, दोन बोटांनी मोठं केलं, भीमेचं वळण बघितलं आणि विचारलं, तिथवर मेट्रो जाते का? नाही म्हटलं तर म्हणाली, मग खरंच वेड पांघरल्याशिवाय कुणी जाणार नाही.

राहिला चहाटळांचा प्रश्न. सॉफ्टवेअर अर्धवटच पडलंय. आज आयटीवाला विचारत आला, मध्येच कुणी कॅन्सल केलं? मी म्हटलं, कॅन्सल? कसलं कॅन्सल?

चहाटळ

प्ये च्वांग ल.